कॅन्सरपेक्षा लाज मोठी नाही



बायकांच्या दुखण्याविषयी चारचौघांत बोलू नये, आणि साप्ताहिकात तर मुळीच लिहू नये, असे आपल्यातल्या काही मंडळींना अजूनही वाटते. घरात सासरे वाचतात, मुलगा वाचतो, मग हा विषय कशाला, असे ते विचारतात. पण ज्या रोगाने घरातली बाई जाऊ शकते आणि ज्या रोगापासून तिला वाचवता येते, तो सासऱ्यांनी आणि मुलानेही वाचलाच पाहिजे. कौटुंबिक पान असते ते त्यासाठीच. म्हणून आज गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरविषयी स्पष्ट लिहीत आहे. वस्तीतल्या बायका याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात.

आधी आकडे पाहू. जागतिक पातळीवरील अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कॅन्सर झाला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. म्हणजे दर दिवशी दोनशेहून अधिक. स्तनाच्या कॅन्सरनंतर भारतीय स्त्रियांमध्ये याचाच क्रमांक लागतो. आता दुसरा आकडा पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले गेले की, या रोगाची तपासणी तुम्ही कधी तरी करून घेतली आहे काय? देशभरात शंभरातल्या दोघींनीसुद्धा होय म्हटले नाही.

असे का व्हावे? सोय नाही, पैसा नाही, कामावरचा खाडा परवडत नाही, ही कारणे खरीच आहेत. पण दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर आहे, केसपेपर काढायला फारसा खर्च नाही, तरी बाई जात नाही, असेही दिसते. महिला मंडळाच्या बैठकीत मी हा विषय पुन्हा पुन्हा काढते. तेव्हा लक्षात येते की, बाई दवाखान्याच्या दारात अडत नाही. ती त्याच्या कितीतरी आधी, आपल्या मनात अडते. तिच्या मनात काय असते, ते आज पाहू.

रोग कसा होतो?

एचपीव्ही नावाचा एक विषाणू आहे. तो स्त्री-पुरुष संबंधातून एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात जातो. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. त्यांपैकी १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार सर्वांत घातक आहेत. या विषाणूचा आणि कॅन्सरचा संबंध जर्मनीचे शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी दाखवून दिला. त्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्यांचा शरीरसंबंध आला आहे अशा बहुतेक स्त्री-पुरुषांना या विषाणूची लागण आयुष्यात कधी ना कधी होते. बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावते. थोड्या स्त्रियांत मात्र तो ठाण मांडून बसतो. मग गर्भाशयाच्या तोंडावरील पेशी हळूहळू बदलत जातात. त्यातून कॅन्सर होण्यास साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीची बाधा असलेल्या स्त्रीत हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो. म्हणजे हा रोग आपल्याला सावध होण्यासाठी भरपूर मुदत देतो. ती मुदत आपण लाजेत आणि भीतीत घालवतो.

‘लग्नाआधी हे इंजेक्शन कशाला?’

हा विषाणू रोखणारी लस आहे. ९ ते १४ या वयात ती सर्वांत चांगली लागू पडते. त्यानंतर २६ वर्षांपर्यंतही देता येते. पण बैठकीत लसीचे नाव काढले की, आयांचे चेहरे बदलतात. एक आई म्हणाली, “ताई, लग्नाआधी पोरीला असलं इंजेक्शन दिलं असं पाहुण्यांना कळलं तर ते काय म्हणतील?” कॉलेजात जाणारी एक मुलगी मागे थांबून हळूच म्हणाली, “ताई, मी घेईन हो. पण आईने विचारलं, तुला कशाला पाहिजे, तर काय सांगू?”

या दोन वाक्यांत सगळी अडचण आली. मुलीला आईची भीती आणि आईला पाहुण्यांची. रोगाची भीती दोघींनाही त्याहून कमी! लस हा जणू चारित्र्याचा दाखला आहे, असे धरून सगळे चालतात.

मातांनो, गोवराची लस आपण बाळाला गोवर येण्याआधी देतो. ही लसही विषाणूशी गाठ पडण्याआधी दिली तरच पूर्ण कामाला येते. म्हणून ती लहान वयात द्यायची. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले म्हणून मुलगी मुद्दाम खिळ्यावर पाय द्यायला जात नाही. मग या एका इंजेक्शनाने तिचे वळण कसे बिघडेल? आणि ज्या बाईने एकाच नवऱ्याबरोबर सारा संसार केला, तिलाही हा विषाणू नवऱ्याकडून येऊ शकतो. नवऱ्याला बहुधा काहीच त्रास होत नाही, त्यामुळे त्यालाही पत्ता नसतो. तेव्हा या रोगावरून बाईच्या वागणुकीचा निवाडा करणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही आहे.

शरीराविषयी स्पष्ट बोलणे म्हणजे अश्लीलता, ही समजूत जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ साली मुंबईच्या कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहणारे बॅरिस्टर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, ही बाजू त्यांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते, हे आपण विसरू नये. ज्यांनी भर कोर्टात हा संकोच झुगारला, त्यांच्या लेकी आपण. आपल्याच घरात आपल्याच मुलीशी बोलायला आपण का कचरावे?

‘तपासलं तर निघेल’

तिशी ओलांडलेल्या बाईने तपासणी करून घ्यावी, असे म्हटले की, पुढचे उत्तर ठरलेले असते. “मला काही त्रास नाही. उगाच कशाला तपासायचं? तपासलं तर काहीतरी निघेल.” जणू तपासणीमुळेच रोग होतो! हा भित्रेपणा आहे असे मी म्हणणार नाही. जिच्यावर चार जणांचे पोट आहे, तिला आजारी पडण्याची चैन परवडत नाही. म्हणून ती रोगाचा विचारच टाळते. घरात शेवटी जेवणारी बाई दवाखान्याच्या रांगेतही स्वतःला शेवटी उभी करते.

पण ही तपासणी त्रास नसतानाच करायची असते. त्रास सुरू झाला, म्हणजे रोग पुष्कळदा पुढे गेलेला असतो. तपासणी काय असते, हे ठाऊक नसल्याने भीती वाढते, म्हणून सांगते. बाईला टेबलावर झोपवतात. सिस्टर किंवा डॉक्टर एक लहान उपकरण आत घालून गर्भाशयाचे तोंड पाहतात. त्यावर कापसाने पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचे पाणी. एक मिनिट थांबतात. पेशी बदललेल्या असतील तर तेवढा भाग पांढरा दिसतो. थोडे अवघडल्यासारखे वाटते, पण सारे काही मिनिटांत आटोपते. पॅप स्मिअर आणि एचपीव्हीची चाचणी या तपासण्याही आहेत. त्यांत तेथील नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात.

आणि ‘निघाले’ म्हणजे कॅन्सरच निघाला असे नाही. बहुतेक वेळा निघतो तो कॅन्सरच्या आधीचा बदल. तो गोठवून किंवा शेक देऊन तिथेच नाहीसा करता येतो. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही.

दुसरे उत्तर नशिबाचे. “जे नशिबात असेल ते होईल.” बौद्ध घरात हे वाक्य शोभत नाही. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हे तथागतांनी सांगितले. मागल्या जन्मीच्या कर्माने या जन्मीची दुःखे ठरतात, हा विचार बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारला. या रोगाचे कारण विषाणू आहे. त्यावर लस आहे, तपासणी आहे, उपचार आहे. मग नशिबाला मध्ये आणायचे कशाला?

अविश्वास कुठून आला?

लाज आणि भीती यांच्या जोडीला तिसरी गोष्ट असते, ती अविश्वास. “आमच्यावरच प्रयोग करतात,” असे बायका म्हणतात. हे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्याला कारणे आहेत.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्या तक्रारीवरून कॅन्सर होईल असा धाक घालून पिशवी काढल्याचे कित्येकींनी सांगितले. ज्या बाईने हे ऐकले आहे, ती कॅन्सरच्या तपासणीला घाबरणारच.

दुसरी हकीकत लसीची. २००९ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्ममच्या पुष्कळ मुली आदिवासी होत्या, वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. आईबापांना न विचारता वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले. काही मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. ते मृत्यू लसीमुळे झाले नाहीत, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. पण ज्या रीतीने संमती घेतली गेली त्यावर २०१३ साली संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले.

यातून धडा काय घ्यायचा? लस वाईट असा धडा घेऊ नये. गरिबाच्या मुलीलाही पूर्ण माहिती मिळवण्याचा आणि होय की नाही हे ठरवण्याचा हक्क आहे, हा धडा घ्यावा. तथागतांनी धम्माविषयीसुद्धा ‘एहि पस्सिको’, म्हणजे या आणि स्वतः पाहा, असेच सांगितले. डॉक्टरलाही आपण विचारावे: हे काय देता, कशासाठी देता, त्रास काय होईल, किती वेळा घ्यायचे? प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे. मात्र प्रश्न विचारून उत्तर ऐकायलाही थांबावे. ऐकीव गोष्टीवर नकार देणे हेसुद्धा न पाहता विश्वास ठेवण्यासारखेच आहे.

लसीने मूल होत नाही, अशी एक अफवा आहे. तिला कसलाही आधार नाही. जगातल्या शंभराहून अधिक देशांत ही लस दिली जाते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. दंड दुखतो, कधी थोडा ताप येतो, एखादीला चक्कर येते. म्हणून इंजेक्शन घेतल्यावर पंधरा मिनिटे बसून राहावे. गरोदरपणी मात्र ही लस घेऊ नये.

बार्शीने काय दाखवले?

“आपल्या बायका सुधारणार नाहीत, त्या येणारच नाहीत,” असे म्हणणाऱ्यांनी सोलापूर जिल्ह्यातील बार्शीकडे पाहावे. तेथील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव गेले आणि लक्षणे समजावून सांगू लागले. अंगावरून जास्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे, हे साध्या भाषेत सांगितले. काही वर्षांतच लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. मोठे यंत्र लागले नाही. माणसांनी घरी जाऊन बोलणे पुरले.

पुढे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या डॉक्टरांनी मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक खेड्यातल्या स्त्रिया त्यात होत्या. तपासणीला बोलावलेल्या दर पाच जणींपैकी साधारण चार जणी आल्या. या बाया शेतमजूर, अशिक्षित, डोक्यावरून पदर घेणाऱ्या. त्या आल्या, कारण त्यांना गावातच बोलावले गेले, त्यांच्याशी आदराने बोलले गेले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या गावांत एचपीव्हीची चाचणी एकदाच झाली, तेथे या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले. तपासणी न झालेल्या गावांतल्या बायकांना तशीच ठेवणे न्यायाचे होते काय, असा प्रश्न पुढे विचारला गेला आणि तो रास्तच आहे. पण त्या गावांतल्या भगिनींनी मोजलेल्या किमतीतून जे ज्ञान मिळाले, ते वाया घालवणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल.

पुण्याच्या लेकींचे देणे

आपल्या पुण्याचाही या कामात वाटा आहे. २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी १० ते १८ वयाच्या मुलींना लस देऊन आणखी एक अभ्यास सुरू झाला. त्यात पुणे होते आणि बार्शीही होती. ती लस परदेशी कंपनीची होती. २०१० साली वर सांगितलेला प्रकल्प थांबला, तेव्हा या अभ्यासातले लसीकरणही थांबवावे लागले. त्यामुळे सुमारे ५ हजार मुलींना एकच डोस मिळाला. शास्त्रज्ञांनी या मुलींची पाहणी वर्षानुवर्षे चालू ठेवली. २०२१ साली निष्कर्ष आला की, एका डोसनेही १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून शंभरात सुमारे पंच्याण्णव एवढे संरक्षण मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एका डोसला मान्यता देताना ज्या अभ्यासांकडे पाहिले, त्यांत हाही होता.

त्याच २०२२ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या पहिल्या भारतीय एचपीव्ही लशीला परवानगी मिळाली. ती हडपसरला तयार होते. या हडपसरशी आपले जुने नाते आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. त्याच साली पुण्यात सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते आणि लोक भीतीने रोगी लपवत होते. सावित्रीमाईंनी मात्र मुंढव्याच्या महारवाड्यातल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. रोग्याला हात लावताना लाज नाही, विटाळ नाही, भीती नाही. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. जबरदस्तीला घाबरून माणसे लपतात आणि मायेने हात पुढे केला की बाहेर येतात, हे या शहराने सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

आपण काय करायचे?

पहिले काम घरात. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की, पाळीविषयी सांगतानाच या लशीविषयीही सांगावे. वडिलांनी त्या वेळी उठून बाहेर जाऊ नये. कॉलेजातल्या मुलीने विचारले तर तिच्यावर संशय घेण्याऐवजी तिच्याबरोबर डॉक्टरकडे जावे.

दुसरे काम महिला मंडळाचे. एकटी बाई जायला लाजते, सहा जणी मिळून गेल्या की तोच सहलीचा दिवस होतो. तपासणी लेडी डॉक्टर किंवा सिस्टरनेच करावी, असे आपण म्हणू शकतो. बरोबरची मैत्रीण आत थांबावी, असेही म्हणू शकतो. तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करावी, असे सरकारी धोरण आहे. ससून, महानगरपालिकेचे दवाखाने आणि वस्तीतल्या आशाताई यांच्याकडे वार आणि वेळ विचारून घ्यावी. एचआयव्ही असलेल्या भगिनीने याहून लवकर, पंचविशीपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासावे. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी चुकत नाही, कारण लस सगळ्याच प्रकारांना रोखत नाही.

तिसरे काम पैशाचे. सरकारकडून कोणत्या वयाच्या मुलींना लस मोफत मिळते, हे आधी विचारावे. विकत घ्यायची वेळ आली तर हिशेब अवघड नाही. २०२३ साली पुण्याची ही लस बाजारात आली, तेव्हा खासगीत एका डोसची किंमत सुमारे २ हजार रुपये होती. धुणीभांडी करणाऱ्या आईला ही रक्कम एकदम जड जाते. पण वीस घरांनी भिशीसारखे महिन्याला शंभर रुपये काढले की, दर महिन्याला एका डोसची सोय होते. जयंतीची वर्गणी आपण एका हाकेत गोळा करतो. एका लेकीच्या आयुष्यासाठीही ती करता येईल. किती डोस लागतील हे वयानुसार डॉक्टर सांगतील.

आणि चौथे काम भाषेचे. कुणा बाईला हा रोग झाला तर ‘तिनेच काहीतरी केले असेल’ हे वाक्य आपल्या वस्तीत कोणी उच्चारू नये. या एका वाक्याच्या धाकाने किती बाया दुखणे अंगावर काढतात! आजारी भिक्खूला सोबत्यांनी टाकले, तेव्हा तथागतांनी स्वतः त्याला आंघोळ घातली, हे आपण मुलांना सांगतो. आजारी बाईजवळ बसताना ते आठवावे.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की, लगेच उठू नका. दहा मिनिटे बसा. कोणाची तपासणी राहिली, कोणाच्या मुलीची लस राहिली, त्यांची नावे वहीत लिहा आणि जाण्याचा दिवस तिथेच ठरवा.

जयभीम!